आई काय खाते

"आई काय खाते गं?" डॉक्टरांनी विचारलं. सव्वादोन वर्षांच्या सृष्टीनं टेबलावरच्या लाकडी हत्तीची सोंड सोडली आणि कुणीतरी हे विचारण्याचीच आपण वाट पाहत होतो, अशा ठाम सुरात सांगितलं, "गोली."

नम्रता हसली. लहान मुलं असं काही बोलली की आईनं हसायचं असतं, म्हणून हसली. डॉ. पद्मजा लिमये हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीलाच पुन्हा विचारलं, "आणखी?" सृष्टीनं विचार केला. "चा." "आणखी?" आता तिच्याजवळचं सगळं सांगून झालं होतं. तिनं दोन्ही हात पालथे करून दाखवले आणि परत हत्तीकडे वळली.

गोळी थायरॉइडची होती. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, सृष्टीला कडेवर घेऊनच नम्रता ती घ्यायची. मग अर्ध्या तासानं चहा. त्यापलीकडे आपल्या तोंडात काही जाताना या मुलीनं पाहिलेलं नाही, हे नम्रताला त्या दवाखान्यात, त्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसल्या बसल्या कळलं. कळलं म्हणजे आठवून पाहिलं आणि काही सापडलं नाही. ऑफिसच्या दिवशी दुपारचं जेवण हिंजवडीला, संगणकासमोर. घरून काम असेल तेव्हा सृष्टी सोसायटीतल्या पाळणाघरात. शनिवार-रविवारी आधी तिला भरवायचं, मोबाइलवर बदकांची गाणी लावून, आणि ती झोपली की मग ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. ताट कशाला काढायचं एकटीसाठी? घासावं लागतं.

"तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली आहे," डॉक्टर कागदाकडे न बघता म्हणाल्या. "दिवसभर दूध पिते, पोट भरलेलं असतं, बाकी काही खात नाही. दूध निम्म्यावर आणा. लोहाचे थेंब लिहून देते. आता भाजीचं काय करता ते सांगा."

हे सांगायला नम्रताला बरं वाटलं, कारण त्यात तिची मेहनत होती. दर रविवारी ती पालक, दुधी, बीट, शेवग्याचा पाला आणून निवडायची, वाफवायची, मिक्सरमधून गंधासारखं मऊ काढायची आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ठेवायची. हिरवे चौकोन, लाल चौकोन. रोज दोन चौकोन धिरड्यात, एक वरणात, एक कणकेत. कुठल्या चौकोनात लोह, कुठल्यात अ जीवनसत्त्व, तिला पाठ होतं. आधी जायचं सगळं पोटात. मग साधारण दीड वर्षाची झाल्यावर सृष्टीनं एक दिवस धिरडं उलटं करून पाहिलं, वास घेतला, आणि तेव्हापासून ती धिरडंही खात नाही आणि वरणभातही. पांढरं असेल तेच. दूध.

"म्हणजे तुम्ही भाजी लपवता."

"दिसली तर खात नाही ना हो ती."

"दिसली कधी तिला?" डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "अहो, चोरून देतात ती लाच. भाजी ताटात वाढतात. आणि तुम्ही कधी जेवता?"

"ती झोपल्यावर."

"का?"

नम्रतानं तोंड उघडलं. वेळ मिळत नाही, असं ती म्हणणार होती; पण तेवढा वेळ तर ती सृष्टीसमोर वाटी धरून रोजच बसायची, दोघींचं जेवण दोनदा होईल इतका. डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. "महिन्यानं परत रक्त बघू. तोवर एक करा. तिच्यासमोर बसून जेवा. ती खाते का याकडे बघायचं नाही, आपल्या ताटात बघायचं. जमेल? बघा. आणि हत्ती ठेवून जा, मागच्या महिन्यात एक गेलाय."

बाहेर सदाशिव पेठेत अकराचं ऊन होतं. हा दवाखाना तिला ऑफिसातल्या अपूर्वानं सुचवला होता. फटकळ बोलतात, पण औषध कमी देतात, असं ती म्हणाली होती. खाणावळीचे डबे लटकावलेल्या स्कूटर, क्लासहून सुटलेली पोरंपोरी, हत्तीसाठी रडणारी सृष्टी. नम्रता कडेवरचं ओझं सावरत फुटपाथनं चालत राहिली. नऊच्या खाली. हा आकडा तिला आता संध्याकाळी अकोल्याला सांगायचा होता. सासूबाई महिनाभर म्हणत होत्या, सहा महिने पोरीला इकडे पाठव, इथं सुदर्शनची तीन पोरं आहेत, चार ताटं शेजारी लागली की आपोआप खाते. सुदर्शन म्हणजे थोरले दीर. त्या म्हणत होत्या त्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच नम्रताला त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. तिचा नवरा तेजस जर्मनीत, आणखी वर्षभर तरी तिकडेच. त्यानं कॅमेऱ्यासमोर मान डोलावली होती. डॉक्टरांकडे जाऊन ये, मग ठरवू. आज गुरुवार. संध्याकाळी हो म्हटलं की सुदर्शन उद्या सकाळी तत्काल तिकीट काढणार, शनिवारी सासूबाई येणार आणि रविवारी सृष्टीला घेऊन जाणार. सहा महिन्यांनी ती परत येईल तेव्हा पावणेतीन वर्षांची असेल. गाल भरलेले असतील. 'वं' आणि 'काहून' म्हणत असेल. आणि आईला ओळखेल, अर्थातच ओळखेल. व्हिडिओवर रोज पाहिलेलं असेल.

कोपऱ्यावर भाजीची गाडी होती. ती उभी राहिली. काय घ्यावं ते सुचेना. रविवारी ती यादी मोबाइलवर बघून घ्यायची, इतकं लोह, इतकं कॅल्शियम. आज तिनं मोबाइल काढला नाही आणि मग नुसतीच उभी राहिली. आपल्याला कुठली भाजी आवडते, असा साधा विचार करून पाहिला, तर मन कोरं. कॉलेजच्या हॉस्टेलला जे असेल ते. हिंजवडीच्या पीजीत भिंतीकडे तोंड करून, कानात गाणी घालून, जे असेल ते. लग्नानंतर तेजसला भेंडी आवडते म्हणून भेंडी.

"ताई, घ्यायचंय का नुसतं दर्शन?" भाजीवाला म्हणाला. "दर्शनाला पैसे नाहीत, पण मागं लाइन होतीये."

तिच्या मागे कुणीही नव्हतं. "ती काय आहे?" तिनं बोट दाखवलं, जरी तिला ठाऊक होतं.

"अंबाडी. आंबट असते. बाळाला नाही चालायची."

"बाळाला नकोय," नम्रता म्हणाली, आणि आपल्याच वाक्याचं तिला नवल वाटलं. एक जुडी घेतली. मग घाईघाईनं, चूक झाकावी तसं, बाळासाठी दोन गाजरंही घेतली.

टॅक्सी मिळाली. सृष्टी विद्यापीठाच्या चौकापर्यंत मांडीवर झोपून गेली. तिच्या पापण्यांच्या आतली कडा फिकी होती. डॉक्टरांनी खाली ओढून दाखवली होती, बघा, कागदासारखी. मोबाइलवर तेजसचा आवाज येऊन पडला होता. "रिपोर्ट पाहिला. नऊच्या खाली इज नॉट अ जोक, नम्रता. इमोशनल होऊ नकोस. सहा महिने म्हणजे काहीच नाही, दोन प्रोजेक्ट सायकल. आईला हो सांग." त्याच्या मागे कुठलीशी ट्राम वाजत होती. त्याचं चुकत नव्हतं. तो आणि ती एकत्र राहत होते तेव्हाही समोर टीव्ही असायचा. तो पडद्याकडे बघत जेवायचा आणि ती त्याच्या ताटाकडे. आपण खाताना कशा दिसतो हे त्यालाही ठाऊक नसणार. ही तक्रार नव्हती. तिनं तरी कुठे कुणाला दिसू दिलं होतं?

तिनं दारव्ह्याला आईला फोन लावला. मुक्ताईनं पहिल्या रिंगमध्ये उचलला. असा अवेळी, भर दिवसा तिचा फोन आला की आई घाबरायची.

"काय झालं वं? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. आई, तुला कोणती भाजी आवडते?"

"मले?" पलीकडून आवाज असा आला, जणू आई घरात दुसऱ्या कुणाला विचारत होती. "असं काय विचारतं? जे असन ते."

"तरी. एखादी."

"तुह्या बाबाले वांगं आवडे. भावाले बटाटा. तू तं काहीच खात नोयती, तुले मी पोळीत साखर घालून द्यो." आई हसली. "डाक्टरीण काय म्हणे?"

"तू कोणती खायचीस?"

"आता काय याद राह्यते, बाई. तू जेवली काय?"

नम्रता जेवले म्हणाली. सवयीनं. फोन ठेवल्यावर ती खिडकीतून पुलाचे खांब मागे जाताना बघत राहिली. दारव्ह्याच्या घरी बाबा आणि भाऊ आधी बसायचे, मग ती, आणि आई सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. ताट नसायचंच. पातेल्यात राहिलेलं भाकरीनं पुसून घ्यायची. बाबा पाहुण्यांसमोर थट्टा करायचे, आमची मंडळी हवा खाऊन जगते, आणि सगळे हसायचे, आईही हसायची. लहानपणी नम्रताला ते खरंच वाटायचं. देवाला नैवेद्य दाखवतात, देव काही खात नाही. आईचं तसंच काहीतरी असेल. दुसरीत असताना एकदा शाळेत ताप भरला आणि शिपायानं तिला भर दुपारी घरी आणून सोडलं. दार लोटलेलं होतं. आत आई पाय लांब करून बसली होती. समोर परात, परातीत भाकरी, फोडलेला कांदा आणि अंबाडीच्या भाजीचा ढीग, चांगला मोठा. ती खात होती. गाल भरलेले, डोळे अर्धवट मिटलेले, बोटांवरून लसणाचं तेल मनगटापर्यंत आलेलं, आणि ते ती चाटत होती. इतकी सुखी आई नम्रतानं आधी कधी पाहिली नव्हती. मग आईनं मान वळवली. दचकली. पहिली गोष्ट काय केली, तर परात पाठीमागे सरकवली. आणि तोंडातला घास तसाच धरून, न चावता, बघत राहिली. नम्रताला वाटलं, आपण काहीतरी बघू नये ते पाहिलं. आंघोळ करताना एखादीला पाहावं तसं. ताप होता तरी तिनं मुद्दाम नजर खाली घातली. त्या गोष्टीचा उल्लेख दोघींनी पुन्हा कधी केला नाही. आता, टॅक्सीत, तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला की तो घास आईनं नंतर गिळला की थुंकला.

पुण्यात तिला कुणी शेवटी जेवायला सांगितलं नव्हतं. सांगणारं माणूसच घरात नव्हतं. बाराव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत पंगत नव्हती, पाहुणे नव्हते, हवा खाण्याची थट्टा करायला कुणी नव्हतं. शेजारची माणसं ती दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखत होती. पगार तिचा, घराचा हप्ता तिचा. आणि तरी रांग नसताना ती रोज रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत होती.

दुपार कामात गेली. तीन मीटिंगा, त्यातल्या एकीत तिनं बिल्ड म्हणायच्या जागी बीट म्हणावं की काय, असं डोकं जड झालेलं. सृष्टी आज घरीच होती, तिच्या पायाशी, लोहाच्या थेंबांनी जीभ काळी पडलेली, डबे आपटत. सहाला नम्रतानं लॅपटॉप मिटला आणि ओट्याशी गेली. हात सवयीनं मिक्सरकडे गेला. मिक्सरचा आवाज हा त्या घरातला संध्याकाळचा आवाज होता; तो आज नव्हता म्हणून घर फार मोठं वाटलं. अंबाडी निवडली. पानं उकडून त्यांचं आंबट पाणी टाकून दिलं, तुरीची डाळ घातली, आणि लसूण तेलात तांबूस होऊ दिला. त्या वासानं तिला एकदम इतकी भूक लागली की ती ओट्याला टेकली. किती दिवसांत अशी भूक लागली नव्हती. किंवा लागत असेल, आणि त्या भुकेकडे बघायला तिला फुरसत नसेल, जशी बाकीच्यांना नव्हती.

तिनं जमिनीवर चटई टाकली. मोबाइल आतल्या खोलीत ठेवला; मग अकोल्याचा फोन येणार म्हणून परत आणला आणि पालथा ठेवला. एक ताट आपल्यासाठी, सशाचं चित्र असलेली थाळी सृष्टीसाठी. दोन्हींत तेच: भाकरी, अंबाडी, गाजराच्या दोन फोडी. बदकांची गाणी नाहीत म्हणून सृष्टी बावरली. चटईवर बसली आणि थाळीऐवजी भिंतीकडे बघू लागली, जिथं मोबाइल टेकवलेला असायचा. नम्रता बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ती ओट्याकडे तोंड करून बसली आहे. सृष्टीला तिची पाठ दिसत होती. कुणी ढकलून बसवल्यासारखी. ती ताटासकट वळली.

घास तोंडात घातला तर चावता येईना. समोर दोन डोळे होते. चावण्याचा आवाज स्वतःच्याच डोक्यात भाता चालावा तसा घुमत होता. ताटात बघायचं, डॉक्टर म्हणाल्या होत्या. तिनं ताटात बघितलं. कानशिलं तापली. काय दिसत असेल या पोरीला, उघडं तोंड, दात, हलणारी हनुवटी. आंबटपणा जिभेच्या कडांना लागला आणि त्यामागून लसूण, मग तिखट. तिनं गिळलं. दुसरा घास मोठा घेतला. तिसरा आणखी मोठा. पुढं कधीतरी लाज वाटायची राहिली, नेमकं कुठं ते तिला कळलं नाही. बोटांवरून तेल ओघळत होतं.

"आई काय कलते?"

"जेवते."

सृष्टी उठून जवळ आली. आईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं आपला हात नम्रताच्या गालावर ठेवला, जिथं जबडा हलत होता. हात थंड होता. नम्रता थांबली. सृष्टीनं गालावर थाप मारली: चालू. नम्रतानं चावलं. हात तिथंच राहिला, पुढचे चार-पाच घास. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या पार्टीत, कुठंही तिच्या खाण्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, तोंड भरलेलं होतं.

सृष्टीनं मात्र काही खाल्लं नाही. भाजीतलं एक पान उचललं, उजेडाकडे धरलं, चटईवर ठेवलं, बोटानं दाबलं, आणि बोट फ्रॉकला पुसलं. गाजराची फोड वासासाठी नाकाशी नेली आणि थाळीत टाकून दिली. मग दूध मागितलं. नम्रतानं अर्धा कप दिला आणि आणखी मागितल्यावर नाही म्हणाली. सृष्टी रडली, लोळली, गप्प झाली. नम्रताचं ताट रिकामं झालं होतं. तिनं पातेलं ओढून आणखी वाढून घेतलं.

फोन वाजला. डाव्या हातानं तिनं तो सुलटा केला.

"काय म्हणे डाक्टर?" सासूबाईंच्या मागे पोरांचा गलका होता.

तिनं आकडा सांगितला. लपवला नाही.

"पाह्य बरं. मी म्हणत होती. आज काही खाल्लं काय पोरीनं?"

"नाही, आई. दूधच. मी जेवले तिच्यासमोर बसून."

"तू जेवली?"

"हो. अजून जेवतेच आहे."

"आत्ताच? सातच तं वाजले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, ताप आलेल्याला विचारावं तसं होतं. "बरं. मंग सुदर्शनले सांगतो, सकाऊन तिकीट काढ म्हणून."

"नको," नम्रता म्हणाली. तिच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. थाळीतला ससा अजून भाजीखाली झाकलेला होता. "काढू नका. ती इथंच राहील. महिन्यानं परत रक्त बघायचंय, तेव्हा आकडा वाढला नाही तर मी स्वतः आणून सोडीन. पण आता नाही."

"तेजस काय म्हणन?"

"म्हणेल काहीतरी. मी बोलते त्याच्याशी."

"हट्टी हायेस वं तू." मग: "केलं काय होतं?"

"अंबाडी."

"कण्या घातल्या?"

"कण्या नव्हत्या."

"मंग ते काय अंबाडी," सासूबाई म्हणाल्या. मागून एक पोरगं ओरडलं, आजी, भाकर! "आली, आली. ठेवतो वं, पोरं बसली हायेत."

"आई, तुम्ही कधी जेवाल?"

हा प्रश्न आपल्याला आहे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला असावा. "मी?" त्या म्हणाल्या. "जेवीन ना. होऊ दे समद्यायचं." आणि फोन बंद झाला.

नम्रता ताटाशी बसून राहिली. बोटांवरचं वाळत आलं होतं. आकडा महिन्यात वाढेल याची कुणी खात्री दिली नव्हती, आणि तेजसचा फोन अजून यायचा होता. तिनं उरलेला घास उचलला. समोर चटईवर सृष्टी रडून लाल झालेल्या तोंडानं तिच्याकडेच बघत होती. तिनं एक हात आपल्या गालावर ठेवला होता, आणि गाल हलत होता, वर, खाली, सावकाश. नम्रता पुढं झुकली आणि तिनं नीट पाहिलं. तोंडात काहीच नव्हतं. तरी ती चावत होती.